रकाने नसलेलं कोष्टक

शाळेचं वेळापत्रक वहीत करताना आपण आधी उभ्या-आडव्या रेघा आखतो, मग विषय भरतो. तेच वेळापत्रक वेबपानासाठी एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना 'टॅग' नावाच्या खुणांनी सांगणाऱ्या भाषेत, लिहायला घेतलं की हा क्रम उपयोगी पडत नाही. तिथे घरं पोटात घेणारा उभ्या रकान्याचा टॅगच नाही.

आहेत त्या ओळी. 'टेबल' या टॅगच्या आत 'टीआर', म्हणजे एक आडवी ओळ. ओळीच्या आत 'टीडी', म्हणजे मजकुराचं एक घर. ब्राउझर प्रत्येक ओळीतली घरं डावीकडून मोजतो आणि सगळ्या ओळींतली तिसरी घरं एकाखाली एक लावतो. तोच तिसरा रकाना. रकाना कुणी लिहीत नाही, तो मोजणीतून उभा राहतो. त्याची रुंदीसुद्धा, आपण काही सांगितलं नसेल तर, त्यातल्या सगळ्या घरांचा मजकूर पाहून ठरते.

मोजणीचं हे महत्त्व कळतं ते घरं जोडताना. आपल्या वेळापत्रकात तासाचा एक आणि सोमवार ते शनिवारचे सहा, असे सात रकाने आहेत. मधली सुट्टी सहाही दिवस त्याच वेळी असते, म्हणून ते शब्द सहा वेळा लिहायचे नाहीत. एकाच घराला 'कोलस्पॅन' ६ द्यायचा, म्हणजे ते सहा रकाने व्यापतं. बुधवारी दुसरा आणि तिसरा तास मिळून विज्ञानाचे प्रयोग असतील, तर दुसऱ्या तासाच्या ओळीतल्या त्या घराला 'रोस्पॅन' २, म्हणजे ते खालच्या ओळीतही पसरतं. नवशिक्याचं कोष्टक हमखास बिघडतं ते इथे. तिसऱ्या तासाच्या ओळीत बुधवारची जागा वरून आलेल्या घराने आधीच घेतलेली असते, त्यामुळे तिथे सात नाही, सहाच घरं लिहायची. सवयीने सात लिहिली, तर जास्तीचा विषय गुरुवारात जातो, गुरुवारचा शुक्रवारात सरकतो आणि शनिवारचा विषय कोष्टकाच्या उजव्या कडेबाहेर, मथळा नसलेल्या आठव्या रकान्यात जाऊन बसतो. असं कोष्टक दिसलं की रंगरूपाशी झटापट करू नये. ओळीतली घरं बोटाने मोजावीत.

रेघा शेवटी, सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेतून. घरांना बॉर्डर, म्हणजे कडेची रेघ, दिली की आधी दुहेरी रेघा दिसतात, कारण प्रत्येक घराची रेघ स्वतंत्र असते. 'बॉर्डर-कोलॅप्स'ला 'कोलॅप्स' ही किंमत दिली की त्या एक होतात.

एचटीएमएलमधल्या कोष्टकांचा तपशीलवार आराखडा डेव्ह रॅगेट यांनी मे १९९६ मध्ये आरएफसी १९४२ या, इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतल्या, दस्तऐवजात मांडला. मात्र त्या काळात सीएसएस बाल्यावस्थेत होतं, म्हणून लोकांनी अख्ख्या पानाची मांडणीच कोष्टकात कोंबली. आज त्याची काहीच गरज नाही, आणि नव्याने शिकणाऱ्याने ती सवय लावूनच घेऊ नये.

त्यापेक्षा 'टीएच' शिकावं. हे मथळ्याचं घर. वारांची नावं 'टीडी'त लिहून ठळक केली, तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण अंध विद्यार्थी स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने, एकेका घरात फिरत असतो. वार 'टीएच'मध्ये असतील आणि त्यांना 'स्कोप' म्हणून 'कोल' दिला असेल, म्हणजे हा मथळा खालच्या रकान्याचा असं सांगितलं असेल, तर मंगळवारच्या घरातून उजवीकडे सरकताना त्याला विषयासोबत वारही ऐकू येतो: "बुधवार, भूगोल." नाहीतर नुसतंच "भूगोल", आणि वार त्याने स्वतः मोजत बसायचा.