मसल कार : मूळ रूप आणि फेरबदल

साधारण १९६४ ते १९७२ या काळात अमेरिकेत मध्यम आकाराच्या दोन दारी गाड्यांत मोठी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, इंजिने बसवली गेली. या गाड्यांना मसल कार म्हणतात. अशी गाडी आज हाती आली, तर ती कारखान्यातून निघाली तशीच राखायची, की इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन बदलून आजच्या रस्त्याजोगी करायची, हा संग्राहकांमधला जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. गाडीची किंमत त्यावर ठरते, पण वाद नुसता पैशाचा नाही. जुन्या वस्तूचे खरेपण तिच्या धातूत असते, की ती चालताना देते त्या अनुभवात, असा हा प्रश्न आहे.

या प्रकाराची सुरुवात १९६४ सालच्या पाँटिॲक जीटीओपासून मानतात. मध्यम गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट लेमान्स गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले. नियम आडवा येऊ नये म्हणून ते ऐच्छिक पॅकेज म्हणून विकायला काढले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मोठ्या गाडीचे इंजिन उचलून लहान गाडीत घालण्याच्या फेरबदलातूनच मसल कार जन्मली, हे मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांनी विसरू नये.

मूळ असण्याची सर्वांत कडक कसोटी ‘मॅचिंग नंबर्स’ या नावाने ओळखली जाते. १९६८ पासूनच्या गाड्यांत इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. तो डॅशबोर्डवरच्या पट्टीशी जुळला पाहिजे. शिवाय ब्लॉक, सिलिंडर हेड, कार्बोरेटर आणि आल्टर्नेटर यांवरच्या तारखाही गाडी बनल्याच्या तारखेच्या थोड्या आधीच्या असाव्या लागतात. शेवरोलेच्या व्ही-८ इंजिनावर हा शिक्का ब्लॉकच्या वरच्या सपाट कडेवर, उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे असतो. इंजिन खोलल्यावर कारागिराने ब्लॉकचा माथा सरळ करायला मशीनवर घासला, की शिक्काही त्यासोबत जातो. प्रामाणिकपणे केलेल्या दुरुस्तीत पुरावा कायमचा पुसला जातो आणि त्याच घासलेल्या पट्टीवर नवा, खोटा क्रमांक ठोकणारेही भेटतात. म्हणून जाणकार आधी आकडे वाचत बसत नाहीत. कारखान्यातल्या यंत्राने त्या पट्टीवर उमटवलेल्या बारीक समांतर रेघा शाबूत आहेत का, हे ते पाहतात.

कागदपत्रांची स्थिती कंपनीगणिक वेगळी आहे. १९७० आणि १९७१ च्या क्रायसलरच्या गाड्यांत ओळख क्रमांकातले पाचवे अक्षर ‘आर’ असेल, तर ती ४२६ घन इंचांच्या हेमी (अर्धगोलाकार दहनकक्षांच्या) इंजिनाची गाडी ठरते. खोटी हेमी त्यामुळे सहज पकडता येते. शेवरोले शेव्हेलचे तसे नाही. १९६९ पासून ‘एसएस’ (सुपर स्पोर्ट) ही वेगळी मालिका न राहता ऐच्छिक पॅकेज झाली, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून साधी शेव्हेल मालिबू कोणती आणि ४५० अश्वशक्तीच्या एलएस-६ इंजिनाची १९७० ची शेव्हेल कोणती, हे कळत नाही. पहिली जीटीओसुद्धा क्रमांकावरून ओळखता येत नाही. तिच्यासाठी कंपनीच्या बिलांच्या नोंदी मिळतात, तर फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी कंपनीच्या नोंदींवरून काढलेला ‘मार्टी रिपोर्ट’ हा दाखला मिळतो. शेवरोलेवाल्यांची मुख्य भिस्त जुळणीच्या वेळी कामगारांसाठी छापलेल्या ‘बिल्ड शीट’वर असते. हा कागद कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला, तर कधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो. अर्धा उंदरांनी खाल्लेला असला तरी गाडीची किंमत कितीतरी वाढवतो.

त्या काळी मात्र या गाड्यांचे कोणालाच अप्रूप नव्हते. नवी गाडी घेतलेला तरुण पहिल्याच आठवड्यात कारखान्याची चाके काढून क्रेगरची चकचकीत चाके लावी, एक्झॉस्ट बदली, हर्स्टचा गिअर दांडा बसवी आणि शनिवारी रात्री शर्यतीला जाई. खरेदीच्या दुसऱ्या दिवशीच केलेले बदल म्हणून या शैलीला आज ‘डे टू’ म्हणतात. काही विक्रेत्यांचा तर हा धंदाच होता. पेनसिल्वेनियातल्या कॅनन्सबर्ग येथे डॉन येन्को यांच्याकडे १९६७ साली शेवरोलेच्या नव्या कमॅरोचे कारखान्यातले इंजिन काढून ४२७ घन इंचांचे घातले जाई. अशा गाडीत आज कोणी कारखान्याचे ‘मूळ’ इंजिन परत बसवले, तर तिची किंमतही जाईल आणि इतिहासही. मूळ रूप कोणत्या दिवसाचे धरायचे, याचे उत्तर प्रत्येक गाडीसाठी वेगळे असते, ते यामुळे.

पुढे विम्याचे वाढते हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हा प्रकार संपवला. भरपूर पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या जुन्या बाजारात मातीमोल झाल्या. शर्यतीत फुटलेली इंजिने बदलली गेली, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पत्रा खाल्ला. १९८० च्या दशकात ‘प्रो स्ट्रीट’ची लाट आली. मागे अवाढव्य टायर बसावेत म्हणून चाकांच्या कमानी आणि चेसिस कापून टाकले गेले. मसल कारच्या इतिहासातले खरे नुकसान माझ्या मते याच काळातले आहे. बदललेले कार्बोरेटर परत बसवता येते. कापलेला सांगाडा परत येत नाही.

जीर्णोद्धाराबद्दलही डोळे उघडे ठेवावे लागतात. कारखान्यात या गाड्या घाईने जोडल्या जात. दारांच्या फटी असमान असत, रंगाला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत पोत असे आणि तळाला रंगाचे शिंतोडे उडालेले असत. पूर्ण उकलून नव्याने रंगवलेली गाडी त्याहून कितीतरी सफाईदार दिसते, म्हणजेच ती मूळ राहिलेली नसते. हे उमगल्यावर काही कसबी कारागीर तपासनिसांच्या खडूच्या खुणा आणि रंगाचे ओघळही जसेच्या तसे काढू लागले. ज्या गाडीवर कारखान्याचाच रंग टिकून आहे, तिला ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. विटलेली असूनही ती अभ्यासकाला जे सांगते, ते चकाचक गाडी सांगू शकत नाही. जुन्या मंदिराच्या कोरीव दगडावर ऑइल पेंट फासलेला पाहून ज्यांचा जीव कळवळतो, त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे खरे आहे. यांतल्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. एकदोनदा जोरात ब्रेक दाबले की ते तापून ढिले पडत. स्टिअरिंग सैल, टायर अरुंद आणि ओव्हरड्राइव्ह (वेगातही इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर) नसल्याने महामार्गावर इंजिन सतत ओरडत राही. ‘रेस्टोमॉड’ पद्धतीत बाहेरचे रूप जुनेच ठेवून आत जनरल मोटर्सचे एलएस किंवा फोर्डचे कोयोटी इंजिन, फ्युएल इंजेक्शन, सहा गतींचा गिअरबॉक्स आणि डिस्क ब्रेक बसवतात. त्यातून सकाळी एका चावीत सुरू होणारी आणि वळणावर विश्वासाने टाकता येणारी गाडी मिळते. मूळ इंजिन केव्हाच हरवलेल्या, साध्या मॉडेलच्या गाडीवर असे काम केले, तर कोणाचे काही बिघडत नाही. उत्तम रेस्टोमॉड लिलावात त्याच मॉडेलच्या जीर्णोद्धार केलेल्या गाडीला मागेही टाकते.

दुर्मिळ गाडीचा हिशेब निराळा. १९६९ ची ॲल्युमिनियम ब्लॉकची झेडएल-१ कमॅरो फक्त ६९ बनली. प्लिमथची १९७१ ची उघड्या टपाची हेमी कुडा अवघी ११ बनली आणि त्यांतली एक २०१४ साली ३५ लाख डॉलरना विकली गेली. अशा गाडीला भोक पाडणे म्हणजे दस्तऐवजाचे पान फाडणे. ती चालवायची असेल, तर खोलून परत मूळ स्थितीला आणता येतील एवढेच बदल करावेत : रेडियल टायर, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली लपणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा. शिवाय आता १९६९ च्या कमॅरोचा किंवा १९६७ च्या मस्टँगचा अख्खा नवा सांगाडा विकत मिळतो. कापायची हौस असेल, तर अस्सल गाडीला हात लावण्याचे कारण उरलेले नाही.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फीवाची, तुरीन सनद गाडीच्या वापराच्या काळात झालेले बदलही तिच्या इतिहासात धरते. १९६८ च्या एका गाजलेल्या चित्रपटात धावलेली हिरवी मस्टँग जीटी याचे नमुनेदार उदाहरण आहे. १९७४ पासून एकाच कुटुंबात राहिलेली ही गाडी रंग विटलेली, गंजलेली, आणि चित्रीकरणासाठी तळाला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या नळ्यांसकट जपली गेली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली.

अमेरिकेत हा निर्णय बहुतांशी मालकावर सोडलेला आहे. प्रदूषणाबाबत कडक असलेल्या कॅलिफोर्नियातही १९७५ पर्यंतच्या मॉडेलना नियमित धूरतपासणी नाही. भारतात मात्र कायद्याने पारडे एका बाजूला झुकवले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत बसणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणीही ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या वाहनांनाच मिळते.