मारकडवाडीच्या प्रश्नामागचा इतिहास: निवडणूक बाहेरून कशी तपासतात?

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने ३ डिसेंबर २०२४ रोजी आपल्यापुरतं मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं. विधानसभेला उत्तम जानकर निवडून आले, पण या गावात त्यांना ८४३ आणि राम सातपुते यांना १००३ मतं पडल्याचं निकालात दिसलं. जानकर समर्थकांना मतदान यंत्रांतला हा आकडा पटला नाही. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि मतदान बारगळलं. त्यानंतर सोलापूरकडच्या गप्पांत एक सूचना हमखास येते: परदेशी निरीक्षक बोलवा आणि होऊन जाऊ दे तपासणी!

पण हे निरीक्षक फेरमतदान घेत नाहीत, मतंही मोजत नाहीत. १८५७ साली मोल्डाविया आणि वालाचिया (आजच्या रुमानियाचा भाग) इथल्या कौलावर युरोपीय सत्तांच्या आयोगाने नजर ठेवली, तिथपासून ही प्रथा सांगतात. त्यात आपलाही वाटा आहे. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणारे सुकुमार सेन १९५३ मध्ये सुदानच्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते. हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.

खरी धार आली ती आकड्यांमुळे. १९८६ मध्ये फिलिपिन्समधल्या नागरिकांच्या ‘नामफ्रेल’ संघटनेने केंद्रांवरचे आकडे गोळा करून स्वतंत्र बेरीज मांडली. १९८९ मध्ये पनामात चर्चच्या कार्यकर्त्यांनी तेच केलं. विरोधक मोठ्या फरकाने पुढे होते. निरीक्षक म्हणून गेलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी पनामाचे हुकूमशहा नोरिएगा यांच्या राजवटीने निकाल चोरल्याचं जगासमोर सांगितलं. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये युरोपीय देशांनी, अमेरिका आणि कॅनडासह, एकमेकांच्या निरीक्षकांना येऊ देण्याचं मान्य केलं. २७ ऑक्टोबर २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांत या कामाची तत्त्वं जाहीर झाली: यजमान देशाचं निमंत्रण हवं, कामात ढवळाढवळ नको, निष्कर्ष उघड हवेत.

युरोपीय पथकांची पद्धत बघण्यासारखी आहे. काही जण मतदानाच्या कित्येक आठवडे आधीच येतात. मतदार याद्या, प्रचार, माध्यमं, तक्रारींचा निपटारा पाहतात. मतदानादिवशी वेगवेगळ्या देशांच्या दोघांची जोडी केंद्रामागून केंद्र पालथं घालते. पेटी उघडताना रिकामी होती का, पडद्याआड गुप्तता आहे का, एजंट बसलेत का, सगळं फॉर्मवर टिपते. एक-दोन दिवसांत प्राथमिक निवेदन येतं.

याच घाईने केनियात घात केला. ऑगस्ट २०१७ च्या अध्यक्षीय निवडणुकीला बहुतेक परदेशी पथकांनी चांगला शेरा दिला आणि १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. केंद्रावरचं मतदान ठीक दिसलं होतं. गडबड होती निकालपत्रकं वर पाठवण्यात. न्यायालयाने सर्व्हर दाखवायला सांगितलं, ते निवडणूक आयोगाने धड दाखवले नाहीत.

भारतात परदेशी पथकांचं औपचारिक निरीक्षण होत नाही. २०२४ च्या लोकसभेला २३ देशांचे ७५ प्रतिनिधी आले ते आपल्या निवडणूक आयोगाचे पाहुणे म्हणून. निरीक्षक आपलेच असतात, परराज्यातले अधिकारी. कायद्यात त्यांना १९९६ पासून स्थान आहे.

माझ्या मते मारकडवाडीचं उत्तर परदेशात नाहीच. फेरमतदानातूनही ते मिळालं नसतं, कारण आधी कुणी कुणाला मत दिलं ते त्यातून सिद्ध होत नाही. उत्तर होतं त्या गावच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांत, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून छापून पेटीत पडणाऱ्या कागदांत. पण एका विधानसभा मतदारसंघात चिठ्ठ्या सक्तीने मोजतात पाचच केंद्रांच्या, त्याही सोडतीने. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्रं तपासून घेण्याची मुभा दिली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना. जानकर तर विजयी. म्हणजे निकाल जाहीर झाल्यावर शंका घेणाऱ्या गावाला स्वतः अर्ज करायला जागाच उरली नव्हती. अशा गावाच्या केंद्रांवरच्या चिठ्ठ्या निकालानंतरही गावाच्या मागणीनुसार मोजण्याची तरतूद आयोगाने करायला हवी.