लवचिक ऑफिस कॅम्पस

एकाच आवारात दोन-चार बुटक्या इमारती, मधे मोकळी जागा, आणि आतली मांडणी तोडफोड न करता बदलता येईल अशी बांधणी. मराठवाड्यात हा प्रकार छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या पट्ट्यात जास्त, तोही बहुतेक कारखान्याच्या शेडला चिकटून.

उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण थेट अमेरिकेत बफेलोच्या लार्किन बिल्डिंग या ऑफिस इमारतीपर्यंत (१९०६, वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट) मागे जातात. हॉल मोकळा होता हे खरं, पण तिथे काही खुर्च्या टेबलालाच जोडलेल्या होत्या, म्हणजे मोकळं ऑफिस म्हणा, लवचिक म्हणणं जरा जडच जातं. दुसरं मत उगम जर्मनीतल्या क्विकबॉर्नर टीम या ऑफिस-मांडणी सल्लागार गटाकडे नेतं, साधारण १९५० च्या दशकाच्या अखेरचं : भिंती काढायच्या आणि कागद नि माणसं कशी फिरतात ते बघून टेबलं लावायची. हे जास्त पटतं. पुढे १९६८ मध्ये रॉबर्ट प्रॉप्स्टच्या कल्पनेतून हर्मन मिलर कंपनीनं सुट्या पॅनलचं फर्निचर आणलं, त्याचंच लोकांनी क्युबिकल, म्हणजे एकेका माणसाचा बंदिस्त कप्पा, करून टाकलं, आणि ते खुद्द प्रॉप्स्टलाही आवडलं नाही. कॅम्पसचा धागा वेगळा आहे, तो अमेरिकेत शहराबाहेर गेलेल्या कंपन्यांचा.

बांधकामात ब्रिटिश वास्तुविशारद फ्रान्सिस डफीची थरांची मांडणी कामाची. सांगाडा कित्येक दशकं टिकतो, वायरिंग-एसी साधारण पंधरा वर्षं, पार्टिशन पाच-सात वर्षं, म्हणून हे एकमेकांत अडकवायचे नाहीत. जिना, टॉयलेट, डक्ट एका टोकाला कायमचे, बाकी हॉल रिकामा. कॉलम खिडक्यांच्या मापाच्या पटीत घेतले की पार्टिशन कुठेही बसतं, नाहीतर ते बरोब्बर काचेच्या मधोमध येतं आणि मग सुतार फळीचा तुकडा ठोकून वेळ मारून नेतो. स्वस्ताई म्हणजे हलका माल नव्हे, आज लागतं तेवढंच बांधून पुढच्या टप्प्याची जागा आणि पाइपाची सोय सोडणं.

खोल हॉलला दिवसभर लाइट आणि एसी लागतो, मे महिन्यात इकडे पारा चाळिशीपार, म्हणून अरुंद इमारती आणि मधे चौक हेच परवडतं, जुन्या वाड्यांना हे कळलेलं होतंच. काळ्या मातीचा प्लॉट असेल तर सगळा हिशोब बदलतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी उचलते, पार्टिशनचं दार चौकटीत अडकतं. ती उपसून मुरूम भरायचा किंवा पाया खाली पक्क्या थरापर्यंत न्यायचा. या खर्चात काटकसर केलेली पुढे महागात पडते.

लातूर-धाराशिवकडे आणखी एक मुद्दा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छतं कोसळून हजारो माणसं गेली, त्यामुळे तिथे हलकं पार्टिशन घेतानाही ते वर-खाली नीट बांधून घ्यावं लागतं, नुसतं टेकवून चालत नाही.