अल्पकालीन मिशन दौरा

ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) दहा-पंधरा जणांच्या गटाने एक ते तीन आठवड्यांसाठी परदेशी जाऊन केलेली सेवा. प्रवासखर्च गटातील लोक स्वतः करतात किंवा मंडळीत वर्गणी काढून उभा करतात. मराठी मंडळ्यांत याला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात आणि परदेशातून येणाऱ्यांना नुसते ‘टीम’. इथे विचार मुख्यतः सातारा-सांगलीकडे येणाऱ्या टीमचा आहे. भिंती रंगवणे, दात व डोळे तपासणे, इंग्रजी शिकवणे अशी कामे असतात. पण बहुतेक दौऱ्यांचा मोठा वेळ मुलांत जातो. कारण उघड आहे. मोठ्या माणसाशी बोलायला भाषा लागते. मुलाला फुगा पुरतो.

मुलांच्या कार्यक्रमाचा साचा जगभर सारखाच असतो. सकाळी प्रार्थना, मग हातवारे करत म्हणायची गाणी, बाहुल्यांच्या खेळातून बायबलमधली एखादी गोष्ट, रंगीत कागदांचे कातरकाम, खाऊ आणि शेवटी मैदानी खेळ. हा साचा अमेरिकेतील सुटीच्या बायबल शाळेवरून आला. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी एलायझा हॉज यांनी भरवलेली शाळा ही तिच्या आरंभीच्या रूपांपैकी एक. आपल्याकडे ती ‘व्हीबीएस’ या नावाने एप्रिल-मेच्या सुटीत भरते आणि ती चालवायला परदेशी पाहुणा लागत नाही. शब्बाथ शाळेचे (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाचे) शिक्षक आणि मंडळीतील तरुण ती चालवतात.

पूर्वपीठिका. सातारा-सांगली भागात पूर्वी आलेले मिशनरी आयुष्य घेऊन येत. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी या मिशनने साताऱ्यात ठाणे केले. दक्षिणेला रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम सुरू केले. ते काम पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. याच मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले. त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि १९२८ पर्यंत ते चालवले. सांगली व मिरज यांच्यामधल्या वॉनलेसवाडीला त्यांचेच नाव आहे. नवख्या मिशनऱ्याला आधी पंडित ठेवून मराठी शिकावी लागे; उपदेश, शाळा, दवाखाना हे सगळे त्यानंतर. मुलांसाठीचे ‘बालबोधमेवा’ हे मासिक अमेरिकन मराठी मिशनने १८७२ मध्ये काढले, तेही मराठीतच. आजची टीम दुभाष्याला घेऊन जे करू पाहते, त्याची तयारी तेव्हा काही वर्षे चाले.

परक्या हातांबद्दलची कुरबुर मात्र तेव्हापासूनची आहे. नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा मिशनपासून स्वतंत्र बंधुसंघ मांडला. भारतीय ख्रिस्त्यांनी मिशनच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, हा त्यामागचा आग्रह. मराठी मंडळ्या अजूनही टिळकांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून गातात. टीमच्या कार्यक्रमात ती क्वचितच ऐकू येतात, हे जाता जाता नोंदवायला हवे.

आजीवन मिशनऱ्याकडून दोन आठवड्यांच्या पाहुण्यापर्यंतच्या प्रवासात एक दुवा याच भागातला आहे. वाइल्डर यांचे चिरंजीव रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मले. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे उन्हाळी शिबिर भरले; तेथे त्यांच्या प्रयत्नांतून १०० तरुणांनी परदेशी सेवेची शपथ घेतली आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. महाविद्यालयीन तरुणाने परदेशी सेवेला जावे, ही कल्पना तिने अमेरिकेत रुजवली. शपथ मात्र आयुष्याची होती. मुदत पुढे आखडली. जॉर्ज व्हर्वर १९५७ च्या उन्हाळ्यात दोन मित्रांना घेऊन मेक्सिकोत गेले, त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संघटना वाढली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ स्थापन केली. विमानप्रवास आवाक्यात आल्यावर साध्या मंडळ्याही आपापली टीम काढू लागल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख चर्चसदस्य असे दौरे करत, असा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांचा अंदाज आहे.

वेळापत्रक. यजमानाची पहिली अडचण कॅलेंडरची. पाश्चात्त्य देशांतील उन्हाळी सुटी जून ते ऑगस्ट. तेव्हा महाबळेश्वर-वाईकडे धो धो पाऊस असतो, सांगलीत सगळ्यांचे डोळे कृष्णेच्या पाण्याकडे लागलेले असतात आणि शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. जूनच्या मध्यावर पाहुण्यांसाठी वर्ग थांबवायचे की पाहुण्यांना थांबवायचे, हा मुख्याध्यापकाचा प्रश्न. नाताळच्या सुमारास हवा चांगली, पण मंडळी स्वतःच्याच कार्यक्रमांत गढलेली. त्याच दिवसांत या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात असतो. बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुले फडाजवळच्या कोप्यांत राहतात आणि त्यांची शाळा अर्ध्यात सुटलेली असते. मदतीची खरी निकड तिथे आहे. दौऱ्याचा आराखडा मात्र सहसा वसतिगृह किंवा शाळेभोवती आखला जातो, कारण तिथे मुले एकत्र सापडतात, हॉल असतो आणि गाडी दारापर्यंत जाते.

कायदा. भारतात पर्यटक व्हिसावर धर्मप्रसार करता येत नाही. मिशनऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे. परदेशी देणगीला विदेशी योगदान (नियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते आणि एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेकडे वळवायची नाही. त्यामुळे निरोपाच्या दिवशी टीमच्या प्रमुखाने प्रेमाने हातात ठेवलेले डॉलरचे पाकीट नोंदणी नसलेल्या मंडळीच्या पाळकांना अडचणीत आणू शकते.

निराधार मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी सक्तीची आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला, अगदी छायाचित्र छापायलाही, याच अधिनियमाच्या कलम ७४ ने बंदी घातली आहे. टीमच्या फोनमध्ये तर पहिल्याच दिवशी शंभर छायाचित्रे जमतात. रात्री ती समाजमाध्यमांवर जाण्याआधीच यजमानाने नाही म्हणावे लागते. पाहुण्याला नाही म्हणणे आपल्याकडे जड जाते.

आक्षेप. मुलांच्या बाबतीतला सर्वांत गंभीर आक्षेप मुलांना लागणाऱ्या जिव्हाळ्याबद्दलचा आहे. आईवडिलांपासून दूर वाढणारे मूल पहिल्या तासात पाहुण्याच्या कडेवर चढते. पाहुण्याला ते प्रेम वाटते, बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांना त्यात आधार तुटल्याची खूण दिसते. पंधरा दिवसांनी माणूस जातो, पुढच्या वर्षी दुसरा येतो. काही देशांत पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईबाप असलेली मुलेही अनाथालयांत आणली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मधील बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवा-पर्यटनाच्या हानीचा उल्लेख केला. हैतीमध्ये जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतील १० बाप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. त्यांतील बहुतेक मुलांचे आईवडील हयात होते.

दुसरा आक्षेप पैशाचा. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा कर्ट व्हर बीक यांनी अभ्यास केला. स्थानिक संस्थेचे घर सुमारे २,००० डॉलरमध्ये उभे राही. उत्तर अमेरिकन टीमचे घर प्रवासखर्चासह सुमारे ३०,००० डॉलरला पडे. घर मिळालेल्यांना दोन्हींत फारसा फरक जाणवला नाही. परतलेल्या स्वयंसेवकांच्या दानधर्मातही टिकाऊ वाढ आढळली नाही. दौऱ्याचे समर्थक ‘जाणाऱ्याचे मन बदलते’ असे नेहमी सांगतात. त्या दाव्याला हा निष्कर्ष अडचणीचा आहे.

यजमानाच्या अटी. अनुभवी यजमान आता पत्रव्यवहारातच अटी घालतात. टीम चार-सहा जणांची असावी, तारखा शाळेने ठरवाव्यात, मुलांसमोर वर्ग स्थानिक शिक्षकानेच घ्यावा आणि पाहुण्याने त्याच्या हाताखाली काम करावे. कोणीही मुलासोबत एकटे राहू नये. खाऊ वाटायचा तर वसतिगृहातल्या सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. डोळे तपासायला आलेल्यांनी नुसते नंबर काढून जाऊ नये. चष्मे गावातल्याच दुकानातून करून घ्यावेत, म्हणजे काडी मोडली तर टीम गेल्यावरही दुरुस्त करून मिळते.