हृदयस्नायूचे ऊर्जारक्षण

हृदयस्नायूचे ऊर्जारक्षण : हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडत असताना, आणि तो पुन्हा मिळू लागल्यावरही, त्याच्या पेशींतील ऊर्जानिर्मिती शाबूत राहावी म्हणून केले जाणारे उपाय. हार्ट अटॅकवरचे तातडीचे उपचार आणि ओपन हार्ट शस्त्रक्रिया या दोन ठिकाणी त्यांचा खरा कस लागतो.

हृदयाचे पोट हातावर असते. जेमतेम ३०० ग्रॅमचा हा अवयव दिवसाला सुमारे १ लाख ठोके देतो आणि त्यासाठी ६ किलोच्या आसपास एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन असलेला रेणू) तयार करून लगेच खर्चून टाकतो. हाताशी शिल्लक असते ती काही सेकंदांपुरती. म्हणूनच त्याच्या पेशींचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकाँड्रियांनी, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म घटकांनी, व्यापलेला आहे. निरोगी हृदय निम्म्याहून अधिक ऊर्जा फॅटी ॲसिडपासून मिळवते, बाकीची ग्लुकोज आणि लॅक्टेटपासून. फॅटी ॲसिडमधून ऊर्जा भरपूर निघते, पण तेवढ्याच एटीपीसाठी प्राणवायू ग्लुकोजपेक्षा जास्त लागतो. एरवी हा फरक जाणवत नाही, टंचाईत जाणवतो.

हृदयस्नायूला रक्त पुरवणारी करोनरी रोहिणी गुठळीने बंद झाली की आधी क्रिएटिन फॉस्फेट या राखीव ऊर्जासाठ्याची गंगाजळी संपते. मिनिटभरात तेवढ्या भागाचे आकुंचन मंदावते. पेशी स्वतःहून काम थांबवून उरलेली ऊर्जा वाचवत असते. प्राणवायूविना ग्लुकोज फोडून एका रेणूमागे २ एटीपी मिळतात, प्राणवायू असता ३० च्या आसपास मिळाले असते. शिवाय लॅक्टेट साचून पेशी आम्लधर्मी होते. पेशीतले आयनांचे पंप ढिले पडून सोडियम साठतो आणि त्याच्या मागोमाग कॅल्शियम. साधारण २० ते ३० मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरू लागतात. हा मृत्यू हृदयभिंतीच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकतो, हे रीमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले. ४० मिनिटांनी रक्त सुरू केले तेव्हा बराच स्नायू वाचला, ६ तासांनी थोडाच.

रक्तप्रवाह परतला म्हणजे संकट टळले असेही नाही. आम्ल झपाट्याने धुऊन जाताना कॅल्शियमचा लोंढा आत येतो, मायटोकाँड्रियांतून घातक ऑक्सिजन-रेणू उसळतात, मायटोकाँड्रियांच्या आतल्या आवरणाला छिद्रे पडतात आणि तोवर तग धरलेल्या काही पेशी पहिल्या काही मिनिटांतच मरतात. जगलेल्या पेशीही कित्येकदा तास-दिवस सुन्न राहतात.

हे नुकसान टाळण्याची आशा १९८६ मधल्या एका प्रयोगाने जागवली. मरी, जेनिंग्ज आणि रीमर यांनी कुत्र्यांच्या रोहिणीत ५-५ मिनिटांचे चार छोटे अडथळे दिले आणि मग ती ४० मिनिटे बंद ठेवली. मेलेला स्नायू नेहमीच्या एक चतुर्थांश इतकाच निघाला. थोडी उपासमार सोसलेली पेशी मोठ्या दुष्काळाला अधिक काटकसरीने तोंड देते. पण अटॅक वर्दी देऊन येत नाही, त्यामुळे ही युक्ती रुग्णापर्यंत पोहोचवणे अवघड गेले. दंडाला पट्टा आवळून दुरूनच असे संरक्षण देण्याचा मार्ग २०१९ च्या ५,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत निष्फळ ठरला. १९६२ पासून आशेने पाहिलेले ग्लुकोज-इन्सुलिन-पोटॅशियमचे मिश्रणही २००५ मध्ये २०,००० हून अधिक रुग्णांत मृत्यू कमी करू शकले नाही. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण चांगले असताना मास्क लावून जादा प्राणवायू देण्याचाही फायदा होत नाही, हे स्वीडनमधील २०१७ च्या अभ्यासाने दाखवले. अडचण रक्तात नसते, बंद नळीत असते.

जिथे यश निर्विवाद आहे ती जागा म्हणजे ऑपरेशन थिएटर. नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. अशा शस्त्रक्रियेत महारोहिणीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीला) क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावून करोनरी रोहिण्यांत पोटॅशियमयुक्त थंड द्रावण, म्हणजे कार्डिओप्लेजिया, सोडतात. मुठीएवढे हृदय काही क्षणांत लुळे पडते आणि मॉनिटरवरची ईसीजीची रेघ सपाट होते. थांबलेल्या हृदयाची प्राणवायूची गरज धडधडत्या हृदयाच्या दहाव्या हिश्शावर येते, गारव्याने ती आणखी घटते. काम संपल्यावर क्लॅम्प सुटतो, उबदार रक्त आत शिरते, स्नायू आधी थरथरतो आणि मग ठोका धरतो. इथे पुरवठा वाढवलेला नसतो, मागणी घटवलेली असते.

अटॅकमध्ये हृदय असे थांबवता येत नाही. तिथे हिशेब वेळेचाच. ठाणे-नवी मुंबईत संध्याकाळच्या कोंडीत घोडबंदर रोड, शिळफाटा किंवा वाशीचा खाडीपूल ओलांडायचा म्हटले की तेवढ्यात पेशीमृत्यूची ती लाट पुढे सरकत असते. छातीत दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे असताना ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन पडून राहण्यात जो तास जातो तो सर्वांत महाग. दवाखान्यात पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हावा, आणि अँजिओप्लास्टीला १२० मिनिटांहून अधिक उशीर होणार असेल तर, रक्तस्रावाचा धोका नसल्यास, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे, असा सर्वमान्य निकष आहे.

मागणी घटवण्याचे तत्त्व घरीही लागू पडते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा वाशी-नेरूळच्या सिडकोच्या चार मजली घरांत पुष्कळदा लिफ्ट नसते आणि रुग्ण ‘मी चालतो’ म्हणत जिना उतरू लागतो. प्रत्येक पायरीला हृदय अधिक एटीपी मागते, नेमके ते संपत आलेले असताना. त्याला चालू देऊ नये, स्कूटरवरही घेऊ नये. १०८ ला फोन करावा, आणि खाली आणायचेच असेल तर हात असलेल्या खुर्चीत बसवून शेजारच्या चौघांनी धरून आणावे.