पारपटल क्रॉस-लिंकिंग

पारपटल म्हणजेच कॉर्निया, डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक पडदा. त्यातील कोलॅजेन तंतूंमध्ये जास्तीचे रासायनिक बंध घडवून तो ताठ करण्याच्या उपचाराला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. केराटोकोनस या विकारात तो प्रामुख्याने वापरतात. त्यात पारपटल पातळ होत शंकूसारखे पुढे येते आणि चष्म्याचा नंबर, विशेषतः तिरका नंबर, सारखा बदलत राहतो. सुरुवात बहुधा किशोरवयात होते. डोळे चोळण्याच्या सवयीने विकार बळावतो.

वयाबरोबर पारपटल आपोआप ताठ होते, मधुमेहातही होते. तेच बंध मुद्दाम घडवण्याची पद्धत जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेन्झाक यांनी विकसित केली. २००३ साली त्यांनी २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्या सर्व डोळ्यांत विकाराची वाढ थांबली होती. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

मूळ पद्धतीत भुलीचे थेंब घालून पारपटलाची वरची नाजूक त्वचा ८-९ मिलिमीटर व्यासात खरवडून काढतात. मग अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब घालत राहतात. निळ्या प्रकाशात डोळ्याच्या आतपर्यंत हिरवट-पिवळी झाक दिसली, की औषध मुरले. त्यानंतर अर्धा तास सुमारे ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॉट. शेवटी त्वचा भरून येईपर्यंत संरक्षक लेन्स बसवतात. पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

पुढच्या सुधारणांची किल्ली ऑक्सिजनमध्ये आहे. बंध जुळायला प्रकाश आणि रायबोफ्लेविन यांच्याइतकीच त्याचीही गरज असते आणि प्रकाश पडताच तो काही सेकंदांत खर्च होतो. म्हणूनच प्रकाश तिप्पट करून वेळ दहा मिनिटांवर आणता आली, तरी प्रखरता फार वाढवली की परिणाम उथळ राहतो. त्यावर तोडगा म्हणून प्रकाश थांबून-थांबून देतात. त्वचा न काढता उपचार करताना डोळ्याभोवती जादा ऑक्सिजन सोडण्याची पद्धतही त्यातूनच आली. वेदना आणि जंतुसंसर्गाचा धोका त्यात कमी.

पारपटल ४०० मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर आतील पेशींना इजा होऊ शकते आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. अशा वेळी विशिष्ट द्रावणाने पारपटल फुगवतात, त्यावर रायबोफ्लेविनमध्ये भिजवलेली लेन्स ठेवतात किंवा जाडीनुसार प्रकाशाची वेळ घटवतात.

हा उपचार विकार थांबवतो, गेलेली नजर परत आणत नाही. थोडा सपाटपणा येतो, पण चष्मा किंवा लेन्स बहुधा लागतेच. तरीही थांबवणे ही मोठीच गोष्ट आहे: नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये हा उपचार रुळल्यावर केराटोकोनससाठीची पारपटल-रोपणे लक्षणीय घटली. मुलांमध्ये विकार झपाट्याने वाढतो, त्यामुळे वाट पाहणे महागात पडते.

पारपटलावरील जंतुसंसर्गाच्या जखमांतही हे तंत्र वापरून पाहिले जाते. बुरशीजन्य जखमांत मात्र औषधांच्या जोडीला देऊनही चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.