पंख्याचं विमान मागासलेलं नाही

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर एटीआर-72 हे पंख्याचं प्रवासी विमान उतरलं, की घ्यायला आलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतंच, "बेळगावला बघा, अजून पंख्याचीच विमानं पाठवतात." सीमाभागात डावललं गेल्याची भावना जुनी आहे आणि तिला कारणंही आहेत. पण ही तक्रार चुकीच्या जागी जाते. जेट म्हणजे नवं आणि पंखा म्हणजे जुना, हा समज मोडायलाच हवा. मला विचाराल तर विमानांमधली सर्वांत देखणी कारागिरी पंख्याच्या विमानांतच पाहायला मिळते.

मुळात त्या पंख्यामागं जेट इंजिनच असतं. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं, तापलेल्या वायूनं टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवायचं, सगळं तेच. फरक शेवटच्या टप्प्यात आहे. जुन्या पद्धतीच्या जेटमध्ये हा वायू जोरात मागं फेकला जातो. इथं आणखी एक टर्बाइन त्याची बहुतेक ऊर्जा काढून घेतं आणि गियरबॉक्समधून पंख्याला देतं. एटीआरच्या पीडब्ल्यू-127 इंजिनात हे टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं, पंखा मात्र जास्तीत जास्त 1200. अडीच हजारांहून अधिक अश्वशक्ती वाहून नेत फेरे इतके उतरवायचे, तेही उचलायला हलक्या गियरबॉक्समधून. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांनी गियर कापले आहेत, त्यांना यातलं कसब वेगळं सांगायला नको.

आता खरी गंमत. विमान पुढं जातं ते हवा मागं ढकलून. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत झालेला आहे. विमानाला पुढं लोटणारा जोर, म्हणजे रेटा, ठरतो दोन गोष्टींच्या गुणाकारानं: दर सेकंदाला किती किलो हवा ढकलली आणि तिचा वेग कितीनं वाढवला. समजा 10,000 न्यूटन रेटा हवा आहे. सेकंदाला 1000 किलो हवा घ्या आणि तिचा वेग सेकंदाला 10 मीटरनं वाढवा. किंवा फक्त 50 किलो हवा घ्या आणि वेग 200 मीटरनं वाढवा. गुणाकार दोन्हीकडं तोच, रेटाही तोच.

खर्च मात्र तोच नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. विमान निघून गेल्यावर मागं जी हवा वाहत राहते, तिच्यातली ऊर्जा कुणाच्याच उपयोगाची नसते. तिचा हिशेब मांडू: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. पहिल्या रीतीत दर सेकंदाला 50 किलोज्यूल, म्हणजे 50 किलोवॉट वाया जातात. दुसऱ्या रीतीत 1000 किलोवॉट. वीसपट! विमानाचा वेग सेकंदाला 140 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 500 किलोमीटर धरला, तर प्रत्यक्ष कामी येणारी शक्ती दोन्हीकडं 1400 किलोवॉट. एकानं त्यासाठी 1450 खर्च केले, दुसऱ्यानं 2400. पात्यांचं घर्षण, हवेला बसणारा पीळ हे यात धरलेलं नाही, पण निकाल त्यानं उलटत नाही.

हे आकडे सोयीसाठी गोल केले असले तरी पहिली रीत एटीआरच्या एका पंख्याच्या फार जवळ जाते. त्याचा व्यास 3.93 मीटर आहे, म्हणजे फिरताना तो सुमारे 12 चौरस मीटरचं वर्तुळ व्यापतो. पाच हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेतही त्या वर्तुळातून सेकंदाला हजारएक किलो हवा जाते. भरपूर हवा, हळूच ढकललेली. मोठ्या जेट विमानांनीही पुढं हाच धडा गिरवला. एअरबस ए-320 निओच्या इंजिनाचं तोंड इतकं रुंद दिसतं, कारण आत जवळजवळ दोन मीटर व्यासाचा पंखा असतो आणि बहुतेक हवा इंजिनाच्या गाभ्यात न शिरता बाहेरूनच मागं जाते. जेटमध्ये बसलेला प्रवासीही पंख्यावरच उडत असतो, फक्त तो पंखा झाकलेला असतो.

मग सगळीच विमानं उघड्या पंख्याची का नाहीत? अडचण पात्याच्या टोकाशी आहे. टोकाला दोन वेग असतात, फिरण्याचा आणि विमानाबरोबर पुढं जाण्याचा. ते एकमेकांना काटकोनात असल्यानं पायथागोरसच्या प्रमेयानं त्यांची बेरीज करायची. विमान ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास पोचलं, की ही बेरीज ध्वनिवेग गाठू लागते, पात्यावर आघाततरंग, म्हणजे हवेच्या दाबाचे अचानक धक्के, उठतात, रेटा घटतो आणि आवाज असह्य होतो. रशियाच्या तुपोलेव्ह टीयू-95 या बॉम्बफेकी विमानानं या मर्यादेशी उघड टक्कर घेतली. एका इंजिनावर दोन पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. पुढच्यानं हवेला दिलेला पीळ मागचा सोडवतो आणि वाया जाणारी ऊर्जा परत मिळवतो. त्याचंच नौदलाचं भावंड टीयू-142 भारताकडं 1988 मध्ये आलं, ते आपल्या शेजारी, गोव्यात दाबोळीला. 2017 मध्ये ते निवृत्त झालं. माझ्या यादीत त्याचा नंबर मिराज आणि सुखोईच्याही वर आहे.

पंख्याचा दुसरा गुण म्हणजे पात्यांचा बदलता कोन. चोर्ला घाट चढताना आपण खालचा गियर टाकतो, तसं उड्डाणावेळी पातं कमी कोनात हवा कापतं आणि वेग आला की कोन वाढवतं. हे काम तेलाच्या दाबावर चालतं. इंजिन बंद पडलं तर पाती धार पुढं करून उभी राहतात, म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो. धावपट्टीला चाकं टेकल्यावर निलजी-मुतग्यापर्यंत ऐकू जाणारी घरघर असते ना, तेव्हा पाती उलट्या कोनात जाऊन हवा पुढं ढकलत असतात. ते यंत्र बिघडल्याचं लक्षण नव्हे.

सैन्यानं पंखा सोडला नाही तो याच कारणांनी. हवाई दलाच्या जुन्या अॅव्ह्रो विमानांची जागा घेणारं सी-295 हे मालवाहू विमान एटीआरच्याच कुळातल्या पीडब्ल्यू-127 इंजिनावर उडतं. 56 विमानांपैकी 40 वडोदऱ्यात बनायची आहेत. लडाखमध्ये पाच हजार मीटरहून उंच असलेल्या दौलत बेग ओल्डीच्या कच्च्या पट्टीवर 2013 मध्ये उतरलं ते सी-130जे हे मालवाहू विमानही सहा पात्यांच्या चार पंख्यांचं.

2019 च्या दसऱ्याला फ्रान्समध्ये राफेलच्या चाकांखाली लिंबं ठेवली गेली. श्रद्धेचा प्रश्न म्हणून ते सोडून द्यायला मी तयार नाही. विमान सुरक्षित राहतं ते उड्डाणाआधी त्याच्याभोवती फिरून प्रत्येक पातं, टायर आणि तेलाची गळती तपासणाऱ्या तंत्रज्ञामुळं. सांबऱ्याच्या हवाई दल केंद्रात वायुसैनिकांना प्रशिक्षण मिळतं. श्रेय द्यायचं तर अशा शिकलेल्या हातांना द्यावं.

बेळगाव ते बेंगळुरू सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या अंतरात जेटचा बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, त्यामुळं त्याच्या जादा वेगानं वाचतात ती काही मिनिटं, आणि इंधन मात्र पुष्कळ जास्त लागतं. या मार्गाला एटीआर हेच योग्य विमान आहे.

2021 मध्ये विमानांची इंजिनं बनवणाऱ्या सीएफएम कंपनीनं राइज नावाचा प्रकल्प जाहीर केला. त्यात मोठ्या प्रवासी विमानांसाठी सुमारे चार मीटर व्यासाचा उघडा पंखा आखला आहे आणि इंधनात 20 टक्क्यांहून अधिक बचतीचं उद्दिष्ट आहे. फिरत्या पात्यांचा कोन त्यातही बदलता ठेवलाय. तुपोलेव्हनं पीळ सोडवायला दुसरा पंखा लावला होता, इथं तेच काम पंख्यामागं बसवलेली न फिरणारी पाती करणार आहेत, म्हणजे वजन आणि आवाज दोन्ही आटोक्यात राहतील.